मालकांचं नख

मालकांच्या उजव्या अंगठ्याचं नख चांगलं पाऊण इंच वाढलेलं होतं. बाकीची नऊ नखं ते दर रविवारी दुकानाच्या पायरीवर बसून कापायचे आणि हे एक तेवढं कानशीनं घासून टोकदार करायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, नवस असेल. माणसं कसलेही नवस बोलतात. पण ते नख धंद्याचं हत्यार होतं, आणि इतका आगाऊ अवयव मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर पाहिलेला नाही.

धंदा फ्लेक्सचा आणि फिल्मचा. फ्लेक्स काय असतो हे आमच्याकडे कुणाला सांगायला नको, नगर जिल्ह्यात झाडांपेक्षा फ्लेक्सची सावली जास्त पडते. फिल्म म्हणजे मागं गोंद असलेला पातळ प्लास्टिकचा कागद. त्यावर छपाई करायची आणि दुकानाच्या पाटीवर, टेम्पोवर, बसवर, हौशी माणसाच्या गाडीवर अंगभर चिकटवायची. सावेडीच्या पुढे मनमाड रस्त्याला आमचं दुकान होतं. मी तिथं सात वर्षं कॉम्प्युटरवर बसून डिझाइन केलं. त्या सात वर्षांत किती भावी नगरसेवकांचे गाल गोरे केले आणि किती दादांच्या हनुवट्या एकाच्या दोन होत्या त्या पुन्हा एक केल्या, याची गणती नाही.

उभी गाडी दिसली की मालक तिच्याजवळ जायचे, इकडेतिकडे बघायचे आणि फिल्मच्या कोपऱ्याखाली नख घालून ती गव्हाच्या दाण्याएवढी उचलायचे. मग डोळे मिटून किंचित ओढायचे, वैद्य नाडी बघतो तसे. आणि निकाल द्यायचे.

"दोन उन्हाळे."

फिल्मचं आयुष्य ते उन्हाळ्यांत मोजायचे. त्यात चूक काही नव्हती. आमच्याकडच्या उन्हात साधी फिल्म पहिल्याच वर्षी आकसते, कडक होते आणि कडेनं पापडासारखी सुटते. महागातली, जिला धंद्यात 'कास्ट' म्हणतात, ती वर्षानुवर्षं जागची हलत नाही. गाडीच्या खाचाखोचांत बसते आणि ओढली तर तुटायच्या ऐवजी ताणत जाते. चूक एवढीच की मालकांना दुनियेत दुसरं मापच ठाऊक नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात जेवायला आले, स्टेजवर जाऊन नवऱ्यामुलाचा हात हातात घेतला आणि खाली येऊन माझ्या आईला म्हणाले, "चार उन्हाळे." आईला वाटलं, नातवंडांचा आशीर्वाद देतायत. तिनं बिचारीनं हात जोडले.

त्यांचे सख्खे मामा गेले तेव्हाची गोष्ट तर दुकानात सगळे तोंड दाबून सांगायचे. वैकुंठरथ दारात उभा, आत मामा, बाहेर बायकांची रडारड, आणि भाचे गाडीच्या मागच्या बाजूला उकिडवे बसलेले. मामेभावाला वाटलं, दुःखानं कोसळले. तो बिचारा खांद्याला धरून उठवायला गेला तर हे रथावरच्या अक्षरांखालून नख काढत म्हणाले, "एक उन्हाळा. कुनाकडनं लावली रं ही?"

एकदा माळीवाड्याच्या स्टँडसमोर पुण्याच्या पासिंगची मोठी गाडी उभी होती. मालकांनी नख घातलं आणि मागून गाडीवाल्यानं त्यांची कॉलर धरली. मी रिक्षातून उतरत होते, मला वाटलं आज दात पडणार. मालक जराही हलले नाहीत. म्हणाले, "साहेब, कास्टचं सांगून साधी लावली तुमाला. येत्या मे मदी बॉनेट सोलून निघंल." त्या माणसानं कॉलर सोडली, पुण्याला फोन लावला आणि तिथल्या दुकानदाराला आईबहिणीवरून वंदन केलं. पुढच्या महिन्यात आमच्याकडेच आला. आम्ही त्याला नवी फिल्म लावून दिली. साधीच.

होय, साधीच. फिल्मची एवढी पारख असलेला हा माणूस आपल्या दुकानात काय लावत होता, तर जी लावली म्हणून दुसऱ्यांना शिव्या द्यायचा तीच. कास्टचं एक खोकं काउंटरवर कायम उभं असायचं. सात वर्षं तेच खोकं. आतला रोल संपला की साध्या फिल्मचा नवा रोल त्यात सरकवायचा. हे मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं आणि मी विचारलंही. मालक हसले.

"ताई, गिऱ्हाईकाला धा वर्सं टिकनारी वस्तू दिली तर धा वर्सं आपन काय भजन करायचं?"

मी पुढं काही बोलले नाही. नवरा आजारपणात गेलेला, पदरात दीड वर्षाची पोर, नोकरी घरापासून चालत जाण्यासारखी. गप्प बसण्याची कारणं माणसाजवळ नेहमी तयार असतात, माझ्याकडे जरा जास्तच होती.

मालकांचा दुसरा आजार म्हणजे ट्रेंड. हा शब्द ते दिवसातून इतक्या वेळा उच्चारायचे की बाहेर चहा देणारा पोऱ्यासुद्धा "मालक, आज आलं घालायचा ट्रेंड हाय का?" असं विचारायचा. यावर त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला ऐकवायचे. "ट्रेंड पुन्यात जन्मतो, शिरूरला चहा पितो, सुप्याला जेवतो आन् मंग ढेकर देत नगरला येतो. आपन त्याला सुप्यालाच गाठायचा."

गाठायची जागा मात्र सुपे नव्हती. दर शनिवारी ते शनिशिंगणापूरला तेल वाहायला जायचे आणि परत येताना घोडेगावच्या फाट्यावर टपरीत तीन-तीन तास बसायचे. मुंबईच्या, नाशिकच्या, सुरतेच्या, इंदूरच्या गाड्या शनीच्या दर्शनाला तिथूनच वळतात. मालक एका वहीत त्यांचे रंग लिहायचे. कुठली चकचकीत, कुठली मॅट, कुणाच्या छतावर काळी फिल्म, कुणाच्या दारावर वाघाचे पट्टे. "देवाच्या वाटंवर सगळ्या देशाचं मार्केट उभं ऱ्हातं, ताई. फुकाट सर्व्हे." आणि सोमवारी सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळून झाली की भविष्य सांगायचे.

एका सोमवारी घोषणा झाली, यंदा मॅट काळा. रोल आले. पुण्यात मॅट काळी गाडी वाघासारखी दिसते म्हणे. आमच्या धुळीत ती दोन दिवसांत राखेत लोळलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली आणि धुवायला गेलं की पाण्याचे डाग. पुढच्या वर्षी सोनेरी क्रोम. आरशासारखी फिल्म, तोंड बघून घ्यावं. तीन महिने रोल कोपऱ्यात उभे राहिले आणि शेवटी एका बँडवाल्याच्या गळ्यात मारले. त्यानं आपली स्पीकरची गाडी अख्खी सोनेरी करून घेतली. पहिल्याच वरातीत नवरदेवाच्या घोडीनं त्या गाडीत दुसरी घोडी पाहिली. ती जी थांबली ती थांबलीच. मागे ढकला, पुढे ओढा, हरभरे दाखवा, हलेना. मुहूर्त टळला, नवरदेव शेवटी मोटारसायकलवर बसून मांडवात गेला. मालकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "बघा की! जनावरालाबी फरक कळंना. ह्याला म्हंत्यात क्वालिटी."

आणि शहराचं नाव बदललं तेव्हा? तेव्हा तर मालक पंधरा दिवस जमिनीवर चालत नव्हते. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं म्हणजे प्रत्येक दुकान, दवाखाना, बस, टेम्पो, सगळ्यांना पाट्या नव्या हव्यात. "अख्खं शहर माझ्या पायरीवर उभं ऱ्हाईल," असं म्हणून त्यांनी पांढऱ्या फिल्मनं मागची खोली छतापर्यंत भरली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं मशीनवर कोण बसणार यावरून आमच्यात भांडणंसुद्धा लावली. पण नगरी माणूस नगरी माणूस असतो. लोक आले, नाही असं नाही. प्रत्येकानं वीतभर पट्टी मागितली. जुन्या नावावर नवं नाव चिकटवलं, बाकीची पाटी आहे तशी, आणि चालते झाले. बोलताना तर सगळे अजून नगरच म्हणतात. मालक त्या खोलीकडे बघून म्हणायचे, "ट्रेंड बराबर हुता. मानसं हलकी निगाली."

हा सगळा विनोद आहे, मला कळतं. सात वर्षं मीही हसतच काढली. घरी गेल्यावर मालकांची नक्कल करून लेकीला हसवायची, ती तर नख पुढं करून माझ्या गालाचा कोपरा उचलायची आणि म्हणायची, "शंभर उन्हाळे." पण ज्या माणसाला आपण विनोद समजतो तो आपल्या पोरांच्या गाडीवर काय चिकटवतो आहे, तिकडे आपलं लक्ष राहत नाही.

लेक पहिलीत जायची झाली तेव्हा मला तिला राहुरीच्या बाजूच्या एका इंग्रजी शाळेत घालायचं होतं. जागा भरल्या होत्या. त्या शाळेचे चेअरमन साहेब मालकांचे दैवत. दैवत म्हणजे, शनीला शनिवारी तेल आणि साहेबांना रोज. त्यांचा वाढदिवस, त्यांच्या चिरंजीवांचा वाढदिवस, त्यांच्या निवडीबद्दल, त्यांच्या फेरनिवडीबद्दल, सगळे फ्लेक्स आमच्याकडून. मालकांनी शब्द टाकला आणि लेकीला जागा मिळाली. त्याबद्दल मी मालकांची उपकृत होते, हे मी आजही नाकारत नाही. तेच तर पुढं नडलं.

लेक तिसरी पास होऊन चौथीत गेली त्या मे महिन्यात शाळेच्या तीन नव्या बस आल्या. तीन पिवळ्याधमक बस आमच्या आवारात उभ्या. दोन्ही बाजूंना शाळेचं नाव आणि हसरी मुलं, आणि मागे अंगभर चेअरमन साहेब. मागेच का, तर मालकांचा सर्व्हे. "मागची बाजू म्हंजे सोनं. म्होरची गाडी मानूस एक क्षन बघतो. मागची, घोडेगावपासून नगरपर्यंत वाचत येतो." बसच्या मागं संकटकाळी उघडायचं दार असतं. मी स्क्रीनवर फोटो बसवला तेव्हा तो बरोब्बर त्या दारावर आला. नाकाची डावी बाजू दारावर, उजवी बाजू बसच्या पत्र्यावर, आणि दाराचा खोबणीत बसवलेला हँडल डाव्या डोळ्याखाली. मी फोटो बाजूला घेऊन दाखवला. मालक म्हणाले, "मदोमद घ्या. साहेब काय कडंला उभं ऱ्हानारं मानूस हाय का?" मी मधोमध घेतला. माऊस माझ्या हातात होता.

आणि या कामाला मालकांनी खरी कास्ट फिल्म मागवली. सात वर्षांत पहिल्यांदा त्या खोक्यात खोक्यावर लिहिलेला माल आला. वर लॅमिनेशनही जाड. आम्ही सगळे बघतच राहिलो. मालक भक्तिभावानं रोलवर हात फिरवत होते. "साहेबांच्या तोंडाला साधी? पाप लागंल."

चिकटवायचं काम रशीदचाचांचं. चाचा आमचे फिटर; त्याआधी पस्तीस वर्षं ब्रशनं ट्रक रंगवत होते. पट्टीनं फिल्म दाबत असे पुढं सरकायचे की एक बुडबुडा राहायचा नाही. त्यांच्या कामाचा एक साधा नियम होता, आणि तो या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाडीचं जे जे उघडतं, दार, डिक्की, डिझेलचं झाकण, तिथं फिल्म फटीवरून कापायची आणि कडा आत वळवायच्या. नाहीतर ते उघडणार कसं? चाचांनी साहेबांना कपाळापासून हनुवटीपर्यंत गुळगुळीत बसवलं, गरम हवेची हीट गन बाजूला ठेवली आणि खिशातून कटर काढला.

मालक दार आणि चाचा यांच्या मधे उभे राहिले.

"काय करताय चाचा?"

"कट मारतो. दरवाजा हाय हितं."

"साहेबांच्या तोंडावर कटर? पार कपाळापसनं नाकातनं?"

"मालक, ह्ये इमर्जन्शीचं दार हाय. लेकरं बसनार हायत गाडीत."

"परवा वाढदिवस हाय साहेबांचा. नारळ फोडाया सोता येनार. आन् त्यांनी बघायचं काय, आपलं तोंड उभं चिरल्यालं? अपशकुन म्हंत्यात याला! आन् ते दार आजवर कुनी उघडल्यालं बघितलंय का तुमी?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुकानाच्या दारात उभी होते. एवढंच म्हणायचं होतं, की मालक, माझी पोर बसणार आहे या गाडीत. मला वाटलं, जागा साहेबांनी दिली, मालकांच्या शब्दावर दिली, आता एका फटीवरून तोंड कशाला वाईट करा. मी म्हणाले, "वाढदिवस झाला की मारू ना चाचा कट. मागाहून."

"मागाहून," मालक म्हणाले. "बराबर बोलल्या ताई."

चाचांनी कटरचं पातं आत सरकवलं. "मालक तुमी हाय. पन माझ्या हातनं दरवाजा बंद करून घेतला तुमी, एवढं ध्यानात ठिवा."

वाढदिवस झाला. नारळ फुटला. साहेबांनी आपल्याच गालावरून हात फिरवून बघितला आणि खूश झाले. कट मारायचं राहून गेलं. शाळा सुरू झाली, पाऊस आला, पाऊस गेला, दिवाळी झाली. मालक दर शनिवारी शिंगणापूरला जात राहिले. ज्या गावात घरांना दारं नसतात त्या गावाहून हा माणूस दर आठवड्याला परत यायचा आणि त्याला आपण बंद केलेलं एक दार एकदाही आठवलं नाही. मला आठवायचं. सकाळी लेक बसमध्ये चढली की बस वळायची आणि साहेब मला हसून दाखवायचे. मी मनात म्हणायची, आज मालकांशी बोलते.

कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. दुपारी साडेतीनला दुकानात फोन आला. राहुरीच्या अलीकडे वळणावर उसाची ट्रॉली कलंडली आणि शाळेची बस तिला घासत जाऊन अडकली. मालकांनी गाडी काढली, मी शेजारी बसले. वाटेत मला फक्त त्यांचं नख दिसत होतं, स्टिअरिंगवर.

काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं, पण सांगते ते सलग. बसचं पुढचं दार ट्रॉलीला चिकटून बंद झालं होतं. खिडक्यांना नियमाप्रमाणे आडवे गज. पुढं बॉनेटमध्ये वायर जळून धूर आत भरायला लागला. ड्रायव्हर जाळीपलीकडच्या आपल्या केबिनमधून उतरून मागे धावला, तर मागच्या दाराला धरायला हँडलच नाही. हँडल साहेबांच्या डोळ्याखाली गुळगुळीत झाकलेला. आतून मुलांनी कडी फिरवली, दार ढकललं. दोन बोटं फट पडली आणि थांबली. फिल्म ताणत होती, तुटत नव्हती. मुलं खोकत होती आणि ढकलत होती. ड्रायव्हर बाहेरून नखांनी ओरबाडत होता.

ट्रॉलीवरची ऊसतोडीची माणसं तोवर बाहेर पडली होती. त्यातली एक बाई कोयता घेऊन धावत आली. ड्रायव्हर घाबरून ओरडला, "अहो साहेबांचा फोटो..." ही त्याची त्या क्षणाची अक्कल. बाई म्हणाली, "कुनाचं का थोबाड आसंना, आत लेकरं हायती!" आणि तिनं कोयत्याचं टोक कपाळावर घालून सरळ हनुवटीपर्यंत ओढलं. मग खालून आडवं. दार धाडकन उघडलं आणि मुलं बाहेर पडली.

मी पोचले तेव्हा लेक बांधावर बसली होती. अंगाभोवती कुणाची तरी शाल, हातात उसाचं कांडकं, तोंड काळं, आणि ती ऊस खात होती. तिला जवळ घेतलं तर ती आधी खोकली आणि मग रडली. एका मुलाचं मनगट मोडलं होतं, बाकी सगळी धडधाकट. त्या बाईचे मी पाय धरायला गेले तर ती मागे सरली. "आवं, असं काय करताव? आमच्यापाशी कोयता हुता म्हनून." तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. सुचेपर्यंत त्यांचा मुकादम त्यांना दुसऱ्या ट्रॉलीत बसवून घेऊन गेला.

लेक माझ्या खांद्यात तोंड घालून म्हणाली, "आई, दाराच्या पलीकडं तो तूच लावलेला फोटो होता ना?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग मी मालकांना शोधलं. ते बसच्या मागे उकिडवे बसले होते, अगदी मामांच्या वेळेस बसले होते तसे. साहेब दोन भागांत लोंबत होते. मालकांचं नख कापलेल्या कडेखाली होतं. मला बघून म्हणाले, "लेकरू बरं हाय ना?" आणि उत्तर यायच्या आत, "ताई, हिकडं या. ह्ये बघा. फाटल्याली न्हाई. कापावी लागली."

त्या क्षणी मला जे कळलं त्यानं अजूनही अंगाची लाही होते. हा माणूस आयुष्यभर लोकांना फसवत आला. बसच्या कामातही फसवलं असतं तर? खोक्यात नेहमीसारखी साधी फिल्म असती, तर ती मे महिन्याच्या उन्हातच कडक होऊन गेली असती आणि चौथीतल्या पोरीच्या पहिल्या धक्क्याला पापडासारखी मोडली असती. एकदाच इमान राखलं, तेही एका हसऱ्या थोबाडाशी, आणि तेवढ्या इमानानं माझी पोर मरत होती.

चाचांनी दुसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता उरलेल्या दोन्ही बसच्या मागे जाऊन कट मारले. अगदी नाकातून. साहेब काही म्हणाले नाहीत. अपघाताच्या चौकशीच्या दिवसांत साहेब लोक फारसं काही म्हणत नाहीत. मी मात्र आठवडाभर घरी राहिले. लेक झोपेत दचकायची. एकदा जागी होऊन म्हणाली, "आई, आम्ही फटीत बोटं घातली ना, तर ते मऊ लागत होतं. वाटायचं, आता फुटेल."

आठव्या दिवशी मी दुकानात गेले, नोकरी सोडते हे सांगायला. काउंटरवर एक गिऱ्हाईक बसलं होतं, ट्रॅव्हल्सवाला. मालकांच्या हातात सनबोर्डचा, म्हणजे फोमच्या जाड पाटीचा, तुकडा होता आणि त्यावर फिल्मची एक लांब पट्टी, दोन्ही टोकांना चापानं लावलेली. त्याच बसच्या दाराच्या कडेची पट्टी. साहेबांचा चेहरा त्यांनी अदबीनं कापून बाजूला केला होता. पट्टीत फक्त पिवळा रंग आणि हनुवटीचा थोडा भाग उरला होता.

"ह्ये बघा सॅम्पल," मालक सांगत होते. "ईस लेकरांनी आतनं ढकललीय ही. हात लावून बघा. कोयत्याबिगर तुटली न्हाई. आता सेफ्टीचा जमाना हाय साहेब, आता ह्येच चालनार. ट्रेंड हाय."

गिऱ्हाईक पट्टीवरून बोट फिरवत होतं. पट्टीला ओळीनं फुगवटे होते. बारीक बारीक, पांढरट, जिथं फिल्म ताणून तशीच राहिली होती. चार एका जागी, मग तीन, मग खाली दोन अगदी लहान. बोटांच्या टोकांएवढे.

मी सनबोर्डवरून चाप काढले आणि पट्टी घेतली. मालक म्हणाले, "ताई, आवं सॅम्पल हाय ते." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अंगठा मुठीत घेऊन उभे राहिले. नोकरी सोडते हे सांगायचं मी विसरले, पण त्यांना ते समजलं असावं.

मालकांचं दुकान अजून आहे. परवा रस्त्यावरून जाताना पाटी दिसली, नवी केली आहे, झळझळीत. लोक म्हणतात, धंदा चांगला चाललाय. चालणारच. त्यांचे अजून बरेच उन्हाळे असतील, अशा माणसांचे असतात.

ती पट्टी मी घरी आणली तेव्हा लेक शेजारी खेळायला गेली होती. ती यायच्या आत फेकून द्यावी म्हणून फाडायला घेतली. दोन्ही हातांनी ओढली. पायाखाली धरून ओढली. ताणत गेली, पांढरी पडत गेली, पण फाटली नाही. खरंच चांगली फिल्म होती. शेवटी विळीवर बसले आणि तिचे बोटबोटभर तुकडे केले.